न फिरवलेली खोली

१

ओडेन पिनॉकला दोन गोळ्या लागल्या, हे कुणीच नाकारत नव्हतं. त्या कॉर्पोरल हेडली डॉक्रीच्या बंदुकीतून सुटल्या, हेही कुणी नाकारत नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, ग्वांगो कॉर्नरच्या वरच्या गल्लीत, आईच्या घरामागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी तो पडला. चोवीस वर्षांचा होता. लोकांचे रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करून पोट भरायचा. वाद एवढाच होता, की तो पडला तेव्हा त्याच्या हातात काय होतं.

पोलीस म्हणाले, रिव्हॉल्व्हर. त्याची आई, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या मिस वर्नीस, म्हणाल्या, काहीतरी बोलू नका. त्या दिवशी त्या शाळेत भात शिजवत होत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं फायलीत साडेतीन ओळींत उरकलं होतं.

पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की पोलिसांनीच त्याचा तपास करू नये, म्हणून आमच्या बेटावर स्वतंत्र आयोग आहे. मी लेन्फर्ड ब्रिसेट, त्या आयोगाचा तपास अधिकारी. त्याआधी वीस वर्षं मी स्वतः पोलिसात होतो. म्हणून पोलीस मला घरभेदी म्हणतात आणि लोक मला अजून पोलीसच समजतात. शिव्या दोन्हीकडून खातो. पूर्वी निदान झोप तरी बरी लागायची. सहा वर्षांपूर्वी माझी बायको इव्हेट गेली आणि ती झोपही गेली.

फाईल माझ्याकडे मे महिन्यात आली, कारण ती आधी ज्याच्याकडे होती तो गृहस्थ राजीनामा टाकून कॅनडाला चालता झाला. आमच्या संचालक मिसेस हिल्टन यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"शुक्रवारी बंद करायची आहे, ब्रिसेट. गोळीबार समर्थनीय. तू फक्त एकदा नजर टाक आणि सही कर."

"समर्थनीय कसा?"

"साक्षीदार आहे. आणि साक्षीदार चांगली आहे, हीच अडचण आहे."

साक्षीदार म्हणजे कॉन्स्टेबल शेरिका स्टेनेट. वय सव्वीस, चर्चमध्ये गाणारी, नोकरीत एकही डाग नाही. घटनेनंतर तीन आठवड्यांनी वकिलामार्फत तिने जबाब दिला होता. मी तो वाचायला घेतला.

"झडतीसाठी मी घरात शिरले. मागच्या खोलीत गेले. दाराजवळ टेबल होतं. त्यावर रेडिओ होता, त्याचं मागचं झाकण काढलेलं होतं आणि पत्र्याच्या बशीत चार स्क्रू होते. पलंग उजव्या भिंतीला, कपाटाशेजारी होता. खिडकीसमोर जागा मोकळी होती. मी खिडकीत उभी राहून अंगणात पाहिलं. ओडेन पिनॉक टाकीपाशी होता. कॉर्पोरल डॉक्रींनी हात वर करायला सांगितलं. तो वळला. त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं."

इतका नेटका जबाब मी वर्षानुवर्षं वाचला नव्हता. खोटं बोलणारा माणूस पाल्हाळ लावतो किंवा टाळाटाळ करतो. ही मुलगी तर स्क्रू मोजून आली होती. सही करायला मी पेन काढलं.

आणि खिशात परत ठेवलं. चार स्क्रू होते. पण मग स्क्रू ड्रायव्हर कुठे होता?

२

घटनेच्या वेळी तीन पोलीस हजर होते. मी तिघांना बोलावलं.

सार्जंट बॅरो निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. तो पुढच्या फाटकात उभा होता, पाठ घराकडे होती, त्याने काही पाहिलं नाही. हे त्याने मला चार वेळा सांगितलं, चारही वेळा मी न विचारता.

"स्टेनेट कुठे होती, सार्जंट?"

"आत गेली असेल."

"असेल?"

"ब्रिसेट, मी फाटकाकडे बघत होतो. फाटकाचं काय विचारायचं ते विचार ना बाबा."

डॉक्री आला तो मागे वकील घेऊन आणि पुढे छाती काढून. खुर्चीत बसला नाही, पसरला.

"काय ब्रिसेटसाहेब, किती वर्षं आमचं मीठ खाल्लंत, आता आमच्याच ताटात थुंकताय? पोरगा आत काम करत होता, आमची चाहूल लागली तसा मागच्या दाराने बाहेर आला. हातात रिव्हॉल्व्हर. मी पोरांसाठी घरी जायचं की नाही?"

"रिव्हॉल्व्हरवर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत."

"माझ्या बायकोच्या तव्यावरही मिळत नाहीत. तरी ती रोज पोळते मला." तो स्वतःच हसला. वकील हसला नाही.

शेवटी स्टेनेट आली. सडपातळ, ताठ बसलेली, हात मांडीवर एकावर एक. मी तिला एकच प्रश्न विचारला, की टेबलावर स्क्रू होते तर स्क्रू ड्रायव्हर पाहिला का.

तिने उत्तर द्यायला उशीर केला. फार नाही, एखादा श्वास आत घेऊन सोडावा इतका.

"नाही, सर."

"बरं. जा तुम्ही."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "सर, त्याची आई कशी आहे?"

आयोगातल्या अकरा वर्षांत कुठल्याही पोलिसाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, अजून भेटलो नाही. आणि त्याच दुपारी ग्वांगो कॉर्नरची बस धरली.

३

मिस वर्नीस साठीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, कामाने हात रापलेल्या बाई. त्यांनी मला फाटकातच उभं केलं.

"पुन्हा आलात? मागचा म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात कळवतो. कुठे आहे तो?"

"कॅनडात."

"छान. माझं पोर मातीत, तो बर्फात." मग त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. "या. चहा पुदिन्याचा आहे, दुसरा नाही."

चहा पिताना त्यांनी काय हवंय ते न विचारताच सांगितलं. "शाळेत परवा पहिलीतल्या एका मुलाने माझ्या हातचं जेवण घेतलं नाही. म्हणे, आई म्हणाली, बंदूकवाल्याच्या आईच्या हातचं खाऊ नकोस. मला दुसरं काही नको, मिस्टर ब्रिसेट. डॉक्रीला फाशी द्या, सोडा, मिरवणूक काढा. माझ्या पोराच्या नावापुढचा तो शब्द तेवढा खोडा."

"मला ओडेनची खोली बघायची आहे."

त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "बघा. पण कशालाही हात लावायचा नाही."

लाकडी घरातली मागची खोली. दाराजवळ टेबल, त्यावर पाठ उघडी पडलेला जुना जर्मन रेडिओ आणि बशीत चार स्क्रू, अगदी जबाबात लिहिल्याप्रमाणे. उजव्या भिंतीला कपाट, त्याच्या शेजारी मोकळी जागा. लोखंडी पलंग मात्र थेट खिडकीखाली, भिंतीला चिकटून.

मी मनात म्हटलं, बरोबर आहे, खोली फिरवली. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस गेला की नवव्या रात्री सगळी वस्ती जमते, गाते, खाते, आणि शेवटी मेलेल्याची खोली फिरवते. पलंगाची जागा बदलायची, कपाट हलवायचं, गादी उलटी करायची. म्हणजे त्याचा डपी, त्याचा आत्मा, परत आला तरी त्याला आपली खोली ओळखू येत नाही आणि तो मुकाट्याने पुढची वाट धरतो. इव्हेटच्या वेळी माझ्या मेव्हणीने हे सगळं केलं. मी दारात उभा राहून बघत होतो. मी नको म्हणायला हवं होतं, पण त्या वेळी कुणी मला चहात मीठ घालून दिलं असतं तरी मी प्यायलो असतो. त्यानंतर इव्हेट आली नाही. एकदाही नाही, स्वप्नातसुद्धा नाही.

"हे स्क्रू," मी म्हणालो, "असे मी पाहिले नाहीत कधी. तीन खाचांचे."

"त्या रेडिओलाच तसले आहेत. माझ्या आईचा रेडिओ. गावात कुणाकडे त्याचा स्क्रू ड्रायव्हर नव्हता, म्हणून ओडेनने एक जुना घेऊन दोन दिवस कानशीने घासला, तीन धारा काढल्या. काळ्या मुठीचा. ईस्टरच्या आत वाजवून दाखवतो म्हणाला होता."

"कुठे आहे तो?"

"तुम्हीच सांगा. अंगणात शोधला, घरात शोधला. पोलिसांना विचारलं तर हसले."

मला खिडकीतून टाकी दिसते का, ते बघायचं होतं. पलंग मध्ये होता, म्हणून मी एक गुडघा गादीवर टेकवायला गेलो.

"उठा!" मिस वर्नीस ओरडल्या. "गुडघा काढा तिथून! ती त्याची चादर आहे. त्याने घातलेली."

मी उठलो. चादरीकडे पाहिलं. उशीवर डोक्याचा खळगा होता. तीन महिन्यांपूर्वीचा खळगा.

"मिस वर्नीस, ही चादर... नवव्या रात्री गादी उलटली नाहीत?"

"नाही."

"आणि पलंग?"

त्यांनी हनुवटी वर केली. एखादी मुलगी चोरी पकडल्यावर करते तशी नाही, उलट आता काय करायचं ते करा, अशी.

"दार आतून लावून बसले मी. माझी बहीण दारावर धपाधपा मारत होती, वर्नीस, खोली फिरव, नाहीतर तो येईल. मी म्हटलं, येऊ दे ना! त्यासाठीच तर ठेवलीय. खुशाल येऊ दे. त्याचा पलंग जिथे आहे तिथेच सापडेल त्याला."

४

मी टेबलाच्या कडेला टेकलो. सहा वर्षांपूर्वी मी दार लावून का बसलो नाही, एवढंच डोक्यात होतं. मग तपास आठवला.

पलंग कायम खिडकीखालीच होता, तर स्टेनेट खिडकीत उभी कशी राहिली?

"या खोलीत पोलीस कधी आले होते?"

"त्या दिवशी नाही, मी आले तेव्हा दाराला बाहेरून कडी होती, सकाळी मी घालून गेले तशीच. तो मागे अंगणातल्या बाकावर काम करायचा ना, उजेड असतो म्हणून. त्या स्क्रू ड्रायव्हरची एक धार अजून घासायची होती त्याला." त्या विचारात पडल्या. "पण नंतर ती मुलगी आली होती. पोलिसातलीच, पण गणवेशात नव्हती. शेरिका. नववी रात्र होऊन तीन दिवस झाले होते. त्याची टोपी परत द्यायला आली. रडली. त्याची खोली बघू का म्हणाली. मी तिला आत नेलं, चहा दिला. पोर चांगली आहे हो. नंतर एक-दोनदा मला तिची आठवणही आली."

"खोलीत तिने काय केलं?"

"बराच वेळ उभी राहिली. खिडकीकडे बघत. मग म्हणाली, मावशी, खोली छान फिरवलीत. मी काही बोलले नाही. लोकांना कळलं तर वेडी म्हणतील, म्हणून."

मी आयोगात परत आलो आणि मार्व्हाला गाठलं. मार्व्हा आमच्याकडे मोजमाप आणि फोटोंचं काम करते, आणि फुरसतीत माझी खोड काढते.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "डॉक्रीने तिला पाठवलं, खिडकीतून टाकी दिसते का बघून ये, तुला जबाबात तिथे उभं करायचंय. ती गेली. टेबल, रेडिओ, स्क्रू, सगळं टिपलं. पण पलंग खिडकीखाली. तिने विचार केला, नववी रात्र होऊन गेली, म्हणजे हा आत्ता इथे आणलाय, त्या दिवशी तो उजवीकडच्या मोकळ्या जागेत असणार. आणि जबाबात तिने तो परत तिथे नेऊन ठेवला. शहाणपणा नडला तिला."

"किंवा," मार्व्हा म्हणाली, "ती गडबडली. माणसं विसरतात."

"पडद्याचा रंग विसरतात. मेलेल्या माणसाच्या पलंगावर बुटांसकट चढून खिडकीतून बघितलं, हे कुणी विसरत नाही."

"लेनी, मला पटलं. वकिलाला पटणार नाही. तो म्हणेल, आई आहे, पोरासाठी खोटं बोलतेय, खोली फिरवली होती आणि आता नाही म्हणतेय. पुरावा काय? जमिनीवर काय आहे?"

"लिनोलियम, मेणकापडासारखं. फुलांचं."

मार्व्हाचे डोळे चमकले. "मग पलंग उचलू. खाली सगळं लिहिलेलं असतं."

मी नकारार्थी मान हलवली.

"काय झालं?"

"पलंग हलवला की खोली फिरली, मार्व्हा."

५

हे मिस वर्नीसना सांगायला मी बुधवारी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नुसतीच भांडी वाजवत राहिल्या.

"तो आला होता," आतूनच म्हणाल्या. "नवव्या रात्रीनंतरच्या आठवड्यात. खोलीभर चिकूचा वास सुटला होता. पिकलेल्या चिकूचा. चार दिवस. घरात एक चिकू नव्हता, मिस्टर ब्रिसेट. आणि त्याला चिकू आवडायचेच नाहीत. मला आवडतात. मग माझ्यासाठीच आला ना?"

"असेल."

"असेल काय! आला." त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पलंग हलवला तर त्याचं नाव साफ होईल. आणि मग तो आला, तर त्याला खोली ओळखू येणार नाही. तुम्ही मला सांगताय की नाव घे किंवा पोर घे."

"हो," मी म्हणालो. दुसरं काही बोलणं लबाडी झाली असती.

"जा तुम्ही."

मी गेलो. गुरुवारी सकाळी सातला फोन वाजला.

"काल त्या पहिलीतल्या मुलाने परत ताट सरकवलं," मिस वर्नीस म्हणाल्या. "दिवसभर उपाशी राहिलं ते लेकरू. ओडेनला हे चाललं नसतं. त्याच्यापायी एक मूल उपाशी राहतंय, हे त्याला चाललंच नसतं. या. पण पलंग मी स्वतः धरणार."

दहा वाजता आम्ही तिघं खोलीत होतो. मार्व्हाने आधी सगळ्याचे फोटो घेतले, कपाटाशेजारच्या मोकळ्या जागेचेही. तिथलं लिनोलियम चालून चालून पांढरं पडलं होतं, आणि पलंगाच्या पायाची एकही खूण नव्हती. मग मिस वर्नीसनी डोक्याची बाजू धरली, मी पायांची. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही पलंग उचलला आणि सरकवला.

खाली लिनोलियमवरचे गुलाब लालभडक होते. खोलीभर फिक्के झालेले, तिथे मात्र काल आणल्यासारखे. चार पायांखाली चार खोल खळगे. धुळीचा सबंध थर. आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचं एक पुडकं, तळाशी ओलं होऊन सुकलेलं, लिनोलियमला चिकटलेलं.

मार्व्हाने ते चिमट्याने उघडलं. आत सहा काळे, सुरकुतलेले गोळे होते.

"चिकू," ती म्हणाली. "पिकायला घातलेले. पेपरची तारीख, लेनी. त्या मंगळवारच्या दोन दिवस आधीचा रविवार."

त्याहून चांगला पुरावा देवानेही मांडला नसता. फेब्रुवारीपासून हे पुडकं कुणी हलवलेलं नाही, म्हणजे पलंग हललेला नाही. मी आनंदाने वळलो, आणि मिस वर्नीसचा चेहरा दिसला.

वास कुठून आला होता, ते त्यांना कळलं होतं.

त्या सावकाश खाली बसल्या. बोटाने एका चिकूला स्पर्श करणार होत्या, मार्व्हाने नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माझा वाढदिवस होता," मिस वर्नीस म्हणाल्या. "तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी. लपवून ठेवले असणार. दरवर्षी लपवायचा आणि दरवर्षी वासावरून मला कळायचं. यंदा मात्र ध्यानातच आलं नाही." त्या रडत होत्या, पण आवाज स्थिर होता. "म्हणजे आलाच होता की. तुम्ही लोक काहीही लिहा तुमच्या कागदावर. त्यानेच पाठवला होता तो वास."

मी वही मिटून खिशात ठेवली.

फोटो संपल्यावर त्या उठल्या आणि डोळे पुसले. "आता पलंग परत ठेवा. चारही पाय त्या खळग्यांत. डावीकडे थोडा. अजून थोडा. हं, बसला. आता ओळखेल."

६

शुक्रवारी अकरा वाजता स्टेनेट माझ्या समोर बसली, शेजारी वकील. मिसेस हिल्टन स्वतः दाराजवळ उभ्या होत्या. सही करायची फाईल त्यांच्या काखेत होती.

"कॉन्स्टेबल, तुम्ही खिडकीत उभ्या होतात."

"हो, सर."

"पाय कुठे होते?"

"जमिनीवर."

मी पलंगाचा फोटो पुढे सरकवला. मग लाल गुलाबांचा. मग चिकूंचा, तारखेसकट. "त्या जमिनीवर फेब्रुवारीत हा पलंग होता. कपाटाशेजारी तो कधीच नव्हता. पलंग हललाच नाही, शेरिका."

ती फोटोकडे बघतच राहिली. "पण नववी रात्र होऊन गेली होती, सर! खोली तर फिरवलीच असणार..."

वकिलाने तिच्या दंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. तिने स्वतःच तोंडावर हात धरला.

"म्हणजे तुम्ही नवव्या रात्रीनंतर पहिल्यांदा ती खोली पाहिलीत," मी म्हणालो.

"त्यांनी फिरवली नाही?" ती वकिलाशी नाही, माझ्याशीही नाही, फोटोशीच बोलत होती. "का नाही फिरवली?"

"तो परत यावा म्हणून."

तेव्हा ती रडायला लागली. वकील म्हणाला, आम्ही आता काही बोलणार नाही. ती म्हणाली, "तुम्ही नका बोलू, मी बोलते," आणि बोलली. ती जीपमध्येच बसली होती. दोन गोळ्या ऐकून धावत गेली. ओडेन टाकीपाशी पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताजवळ काळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर होता. डॉक्री म्हणाला, मूठ काळी दिसली, मला वाटलं... मग म्हणाला, ते उचल. तिने उचललं आणि खिशात घातलं. मान वर केली तेव्हा त्या हाताजवळ रिव्हॉल्व्हर होतं. सार्जंट बॅरो फाटकाकडे बघत होता.

"स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे?"

"माझ्याकडे. टाकून देता आला नाही. त्या दिवशी टोपीबरोबर तोही परत द्यायला नेला होता. त्यांनी मला चहा दिला, सर. मग देता आला नाही."

तासाभरात तो माझ्या टेबलावर आला. टोकाला तीन धारा, कानशीने हाताने घासलेल्या, एक जराशी तिरपी. मार्व्हाने रेडिओचा एक स्क्रू त्यावर टेकवला. धारा खाचांत अलगद बसल्या. मिसेस हिल्टननी काखेतली फाईल काढली आणि पहिलं पान माझ्यासमोर फाडलं.

७

डॉक्रीवर खटला उभा राहील. वर्षं लागतील, आमच्याकडे लागतातच. पण आयोगाचा अहवाल त्याच आठवड्यात निघाला, आणि त्यात लिहिलं होतं, मृताच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. शाळेच्या मुख्याध्यापिकेने ती ओळ सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या मुलांसमोर वाचली. पहिलीतल्या मुलाने त्या दिवशी भात दोनदा मागून घेतला, असं मिस वर्नीसनी मला सांगितलं.

मी त्यांना अहवालाची प्रत द्यायला गेलो होतो. पुदिन्याचाच चहा. स्क्रू ड्रायव्हर खटला संपेपर्यंत मिळणार नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, रेडिओ थांबेल. मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुमचं कोण गेलंय?"

"बायको. तुम्हाला कसं कळलं?"

"पलंग किती जपून उचललात तुम्ही. हमाल तसा उचलत नाही."

मग मी सगळं सांगितलं. खोली फिरवली, मी अडवलं नाही, आणि ती आली नाही. पलंग परत जागेवर ठेवावा म्हटलं तर माझ्या घरात फरशी आहे, फरशीवर खुणा राहत नाहीत. तो नेमका कुठे होता ते सहा वर्षांत मी विसरलो होतो. हे तोंडाने बोलताना मला लाज वाटली.

"सकाळचं ऊन तिच्या कुठे पडायचं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"झोपलेली असताना. तोंडावर की पायांवर?"

मी डोळे मिटले. "पायांवर. ती चादर पायांवरून लाथाडायची आणि ऊन घ्यायची. म्हणायची, फुकटचं इस्त्रीकाम."

"मग झालं की. उद्या सकाळी ऊन आलं की पलंग ओढा, पायांशी येईपर्यंत." त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि ओच्यातून चार चिकू घेऊन आल्या, दगडासारखे कडक. "आणि हे घ्या. कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवा. तिला आवडायचे?"

"फार."

शनिवारी सकाळी मी पलंग ओढला. ऊन खिडकीतून सरकत आलं आणि पायांकडच्या चादरीवर थांबलं, तिथे मी पलंग सोडला. वर्तमानपत्र त्याच दिवसाचं होतं. चिकू गुंडाळून मी पुडकं भिंतीकडच्या कोपऱ्यात सरकवलं. पिकायला दहा-बारा दिवस लागतात. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो आणि दार उघडंच ठेवलं.